ना धड शिवी, ना धड गंमत: त्या ढिगाचं करायचं काय?

पत्र

ताई, नमस्कार.

मी जनसंवाद विषयात पीएचडी करते आहे. नागपूरच्या स्थानिक बातम्यांच्या व्हिडिओंखाली लोक ज्या कमेंट टाकतात, त्यांतलं घातक बोलणं हा माझा विषय. मी आणि एक मैत्रीण, दोघींनी वेगवेगळं बसून प्रत्येक कमेंटला 'घातक' किंवा 'घातक नाही' असं लेबल लावलं. मैत्रीण मूळची पुण्याची. उघड शिव्या आणि धमक्यांवर आमचं एकमत झालं. पण एक मोठा ढीग असा उरलाय की ती एक म्हणते, मी दुसरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं की माझं मलाच पटत नाही. गाईड सर म्हणतात, "संदिग्ध आहे ते काढून टाका, आकडा सुधारेल, थिसिस वेळेत जाईल." मला हे खटकतं, पण त्यांच्यापुढे नेमकं काय बोलावं ते सुचत नाही.

दुसरं असं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे मामा रोज जे पाठवतात ते माझ्या विषयाला इतकं चपखल बसतं की थिसिसमध्ये घ्यायचा मोह होतो. घेऊ का? बाबा त्या ग्रुपचे ॲडमिन आहेत. उद्या कोणी तक्रार केली तर त्यांच्यावर काही येईल का?

आणि हल्ली रात्री झोप लागत नाही. हे घरी कोणाला सांगितलेलं नाही.

एक संशोधक, नंदनवन, नागपूर

उत्तर

प्रिय संशोधक,

तो ढीग काढू नकोस. तुझा थिसिस त्या ढिगातच आहे. उघड शिवीगाळ आणि 'तंगडं तोडतो' ओळखायला पीएचडी कशाला हवी? ते ठाणेदारालाही कळतं.

सर वाईट सांगतात असं मात्र नाही. त्यांची भीती व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवसाची आहे. दोन माणसांनी लावलेली लेबलं किती जुळतात हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० साली कॅपा हे माप दिलं. निव्वळ योगायोगानं जेवढं एकमत झालं असतं, त्याच्यापेक्षा तुमचं एकमत किती जास्त, एवढंच ते सांगतं. कॅपा कमी आला की बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारतो. अवघड नोंदी गाळल्या की कॅपा झटक्यात वर जातो, हेही खरं. फक्त मग तू जे मोजलंस ते 'नागपूरकर ऑनलाइन कसं बोलतात' हे राहत नाही. त्यातलं सोपं तेवढं उरतं. सरांना हे याच शब्दांत सांग. ते चिडणार नाहीत, कारण हा आक्षेप परीक्षकही घेऊ शकतो.

आता ढिगाकडे. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं वाचकांची पत्रं निवडायचं काम केलं. तिथली एक सवय तुला उपयोगी पडेल. एखाद्या पत्रावरून दोघांत वाद झाला की दोघांनी आपापलं कारण एका ओळीत कागदावर लिहायचं. 'मला असं वाटतं' चालायचं नाही, 'या शब्दामुळे' किंवा 'या माणसाबद्दल आहे म्हणून' असं हवं. तुम्ही दोघींनी न जुळलेल्या प्रत्येक कमेंटपुढे अशी एक ओळ लिहा. आठवडाभरात दिसेल की तो ढीग एकाच मालाचा नाही.

त्यातला बराचसा भाग भाषेनंच सुटेल. 'भेट ना बे बर्डीवर, पायतो तुले.' तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं याला धमकी म्हणून खूण केली असणार, आणि तू हसली असशील. इथे शाळासोबत्याला 'बे' म्हणतात तेव्हा त्यात राग नसतो. तेच 'बे' अनोळखी वयस्क माणसाला लावलं तर तो अपमान, आणि मोर्चाच्या व्हिडिओखाली विरुद्ध बाजूच्या पोराला लावलं तर खरंच 'पायतो'. मैत्रिणीचा यात दोष नाही, पण या कामाला आणखी एक लेबल लावणारं माणूस विदर्भातलं घे, आणि एक असं की ज्याच्या घरात नागपुरी हिंदी बोलतात. आपल्याकडच्या कमेंट अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठी आणि सगळ्या इंग्रजी लिपीत. पुण्याच्या एल३क्यूब या भाषा-तंत्रज्ञानाच्या संशोधन गटानं २०२२ साली मराठी द्वेषमूलक मजकुराचा 'महाहेट' हा २५ हजारांहून जास्त ट्विटचा संच तयार केला, त्यात चार लेबलं आहेत. तो जरूर बघ. पण ट्विटरवरची मराठी आणि बातमीखालची नागपुरी यांत फरक आहे, त्यामुळे तिथली मोजपट्टी जशीच्या तशी इथे लावू नकोस.

दुसरा भाग संदर्भ हरवल्यामुळे संदिग्ध झालेला. तू कमेंट एक्सेलमध्ये उतरवल्यास, पण तारीख आणि वेळ घेतलीस का? १७ मार्च २०२५ ची रात्र तू नंदनवनातच काढली असशील. महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, आणि त्याआधी धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा गावभर फिरली होती. संचारबंदी लागलेल्या पोलीस ठाण्यांच्या हद्दींत नंदनवनही होतं. 'आज सगळे चौकात या' ही ओळ त्या संध्याकाळी सात वाजता टाकलेली असेल तर एक, आणि गणपतीच्या दिवसांत आरतीच्या व्हिडिओखाली असेल तर दुसरी. अक्षरं तीच. नुसती ओळ वाचून लेबल लावायला सांगितलं तर दोघी भांडणारच. पुढे व्हिडिओचा विषय, तास, आधीच्या तीन कमेंट आणि नंतरच्या पाच, एवढं जोड आणि मग पुन्हा लेबल लावा. सरांना परदेशी आधार हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यात सहा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचं स्थान, हेतू, मजकूर आणि त्याचं रूप, प्रसार, आणि त्यातून प्रत्यक्ष काही घडण्याची शक्यता. यात शब्दांचा भाग एकच आहे, उरलेले पाच शब्दांच्या बाहेर.

हे सगळं करूनही काही उरेल. ते खरं दुहेरी बोलणं. त्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

समज, उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतला मुलगा एमपीएससीतून निवडला गेला. सत्काराचा व्हिडिओ. खाली कोणीतरी लिहितं, 'या जावईबापू, पाट मांडूनच ठेवलाय.' शिवी नाही, जातीचं नाव नाही, धमकी नाही. कोणतंही मशीन हे पास करेल. मुलाच्या होणाऱ्या सासरचा माणूसही असं लिहू शकतो. पण 'सरकारचे जावई' हा आरक्षणावरून मारलेला टोमणा कॉलेजच्या मेसमध्ये ज्यानं ऐकलाय, त्याला ही ओळ अर्ध्या सेकंदात लागते. आता खाली बघ. एक जण हसतो. दुसरा लिहितो, 'मानपान नीट करा बरं.' मुलाचा मित्र विचारतो, 'म्हणजे काय म्हणायचंय?' आणि पहिला उत्तर देतो, 'अरे गंमत केली भाऊ, मनावर काहून घेतो?' मित्र पुढे काही बोलत नाही.

हे लिहिणाऱ्यानं पळवाट आधीच ठेवलेली असते. ओळ जितकी निरागस, तितकी ती भक्कम. म्हणून त्या एका ओळीला 'घातक' की 'नाही' हे विचारून उत्तर मिळणार नाही. तुझं एकक बदल. कमेंट सोड, अख्खा धागा धर, म्हणजे ती कमेंट आणि तिच्याखालची सगळी उत्तरं. टोमणा कोणी कोणी पकडला, पुढे कोणी ओढला, कोणी जाब विचारला, उत्तर काय मिळालं, आणि त्यानंतर कोण गप्प झालं. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते आणि नोंदवता येते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधायची गरजच राहत नाही.

आणि तू पुढे जे करणार आहेस असं मला वाटतं, ते करू नकोस. तिसरी व्यक्ती आणून बहुमतानं निकाल लावायचा, ही या कामातली रुळलेली रीत आहे. दिसायलाही लोकशाहीची. तीन जणांत दोघांना ती ओळ साधी वाटली, एकालाच लागली, तर २ विरुद्ध १ ने 'घातक नाही'. म्हणजे टोमणा ज्याच्यासाठी मारला होता, नेमकं त्याचंच वाचन मतदानात पडलं. लोकशाहीत मतमोजणी सरकार निवडायला असते. कोणाला काय लागलं हे मोजायला ती बसवली की अल्पसंख्येचा अनुभव टेबलातून गायब होतो, आणि वर कॅपा छान दिसतो. लेबल लावणाऱ्यांची सगळी उत्तरं तशीच ठेव. कोणत्या पार्श्वभूमीच्या वाचकाला काय दिसलं याचं स्वतंत्र प्रकरण कर. ही मतभिन्नता तुझा निष्कर्ष आहे, ती दुरुस्त करायची नाही.

तू विचारशील, मग कुठलंही बोलणं कोणालाही लागलं की घातक ठरवायचं? नाही. इथे तुझ्याच गावातला एक निकाल वाच. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या इमारतीत आज मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ बसतं, तिथे तेव्हा नागपूर हायकोर्ट होतं. भगवतीचरण शुक्ला यांच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापानं जोखायचा. डळमळीत मनाच्या, विरोधी मत दिसलं की धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापानं जोखायचा नाही. १९४७ च्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात नागपूरच्या निकालांत तो पहिलाच छापला आहे. सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्ये दूरदर्शनवरच्या फाळणीवरील मालिकेच्या प्रकरणात हेच माप उचललं. मार्च २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचा गुन्हा रद्द करतानाही ते वापरलं. ऐंशी वर्षं होत आली तरी माप नागपूरचंच.

आणि ते माप लागतं कशाला, हेही आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना मुंबईच्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असले सैल शब्द होते, त्यात काहीही बसायचं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि सरकारला हात घालता येतो तो तिसरीवर, हे त्या निकालातलं विवेचन तुझ्या दुसऱ्या प्रकरणात आलंच पाहिजे.

म्हणून दोन वह्या ठेव. कोर्टाचा प्रश्न: या शब्दांमुळे कोणाला शिक्षा व्हावी का? त्याला बोससाहेबांचा धीट माणूस योग्यच. तुझा प्रश्न: या शब्दांनंतर कोण बोलायचं थांबलं? जावईबापूवाल्या धाग्यातला तो मित्र धीट असेलही, कोर्टाला वाटेल की त्याला काही झालं नाही, आणि तरी पुढच्या सत्काराच्या व्हिडिओखाली तो अभिनंदन लिहायला येणार नाही. हे नुकसान गुन्ह्याच्या मापात बसत नाही आणि बसूही नये. पण ते मोजायला कोणीतरी हवं, पोलीस नको. थिसिसच्या प्रस्तावनेत हे स्वच्छ लिही की तुझं 'घातक' हे लेबल कारवाईची शिफारस नाही. नाहीतर उद्या कोणीतरी तुझी यादी उचलेल आणि लोकांचं बोलणं गाळायला तिचीच चाळणी करेल.

चाळणीवरून मारबत आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत आणि नेत्यांपासून परदेशी राष्ट्राध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे पुतळे मिरवतात आणि जाळतात. एकोणिसाव्या शतकापासून चाललंय. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून कमेंटीत टाकला आणि खाली 'याला असाच जाळा' लिहिलं तर तुझी मैत्रीण काय लेबल लावेल? मी असते तर आधी पाहिलं असतं की 'हा' कोण. मंत्री असेल तर ती आपली जुनी रीत आहे, त्याला सोसता आलं पाहिजे. शेजारच्या मोहल्ल्यातला भाजीवाला असेल तर रीत-बित काही नाही. बोलणं वरच्याबद्दल आहे की खालच्याबद्दल, हा रकाना तुझ्या तक्त्यात नसेल तर आजच घाल.

झोपेबद्दल. हे मी थोडक्यात सांगते, कारण करायचं काय ते तुलाही माहीत आहे. लेबलिंग दिवसा, रोज दोन तास, त्यापुढे नाही. एकटीनं नाही. संध्याकाळनंतर फाइल उघडायची नाही. हिंसेचे व्हिडिओ आवाज बंद करून, छोट्या चौकटीत, रंग काढून बघ. मदतनीस ज्या समाजातला आहे त्याच्याबद्दलचाच मजकूर त्याच्या वाट्याला सलग येऊ देऊ नकोस, आणि त्याला पैसे दे, मैत्रीखात्यात घालू नकोस. पंधरा दिवसांत झोप परतली नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि आईला सांग. ती थिसिस बंद कर म्हणेल म्हणून तू लपवतेस. म्हणू दे.

आता मामा.

त्यांचे मेसेज थिसिसमध्ये नको. घरच्या ग्रुपवर ते भाचीशी बोलतात, संशोधकाशी नाही. यूट्यूबखाली लिहिणाऱ्याला निदान ठाऊक असतं की गाव वाचतंय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संशोधनाला अटींसह सवलत आहे, त्यामुळे कायद्यानं वाट निघेलही, पण मामा एकच आहेत. फार तर असं कर: त्यांना घरी गाठ, विषय सांग आणि विचार की हे मेसेज तुम्हाला कुठून येतात, पुढे पाठवावंसं का वाटतं. नाव येणार नाही असं लेखी दे. 'नाही' म्हणाले तर चहा पिऊन परत ये. हो म्हणाले तर ती मुलाखत शंभर स्क्रीनशॉटपेक्षा मोलाची ठरेल.

मोलाची अशासाठी की फॉरवर्ड करणारा बहुतेक वेळा द्वेषानं पाठवत नाही, काळजीनं पाठवतो. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा, अशा अर्थाचे मेसेज त्या भागात फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आलेले, सोलापूर जिल्ह्याकडचे. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. 'आपल्या मुलांना सांभाळा' या वाक्याला तू कोणतं लेबल लावशील? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. कंपनीनं मजकुराला हात लावला नाही, वेगाला लावला. तुझ्या तक्त्यात मजकुराचे रकाने भरपूर असतील, वेगाचा एकही नसेल.

एक राहिलं. यूट्यूबच्या कमेंट उघड्यावर असल्या तरी थिसिसमध्ये शब्दशः देऊ नकोस. ओळ सर्चमध्ये टाकली की माणूस सापडतो. अर्थ ठेवून शब्द बदल, आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात लिही. रागात रात्री टाकलेली आणि सकाळी लिहिणाऱ्यानंच काढून टाकलेली कमेंट तुझ्याकडे उतरवलेली असेल तर ती मोजणीत धर, उदाहरण म्हणून छापू नकोस. त्यानं स्वतःहून माघार घेतलीय, तिला मान दे.

बाबांना घाबरायचं कारण नाही. दुसऱ्याच्या पोस्टबद्दल ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू किंवा आधीचं संगनमत दिसलं पाहिजे, असं आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिलेली आहे, ती बाबांना दाखवून ठेव. फक्त डिलीट करायच्या आधी त्यांनी मामांना एक फोन करावा. न सांगता उडवलं तर मामा दिवाळीपर्यंत बोलायचे नाहीत, आणि तुझी मुलाखतही जाईल.

तुझी,
ताई